अ‍ॅस्टरिस्क आणि आमचं दुकान : अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी मेमध्ये वळवाच्या पहिल्याच पावसात कुठंतरी वीज पडली आणि आमच्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे दुकानातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणाऱ्या डब्याचं, एक्स्टेंशन कार्ड गेलं. सोळातले आठ फोन मुके. दुकान सांगलीत, धंदा पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचा, म्हणजे ऐन सीझन. मेंटेनन्सवाला आला, "हे कार्ड आता निघत नाही, अख्खी सिस्टीम बदला," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तसंही साधं एक एक्स्टेंशन इकडचं तिकडं करायचं तरी त्यालाच बोलवावं लागे, कारण प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड तो द्यायचा नाही. डबा आमच्या भिंतीवर, किल्ली त्याच्या खिशात.

नव्या सिस्टीमचं कोटेशन आलं. फोनागणिक लायसन्स, रेकॉर्डिंगचं वेगळं, मिरजेचं गोडाऊन जोडायचं आणखी वेगळं. तो कागद मिटून मी अ‍ॅस्टरिस्क लावायचं ठरवलं. साध्या कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करणारं हे सॉफ्टवेअर. मी दुकानाचे हिशेब बघते. लिनक्स थोडंफार येतं, टेलिफोनमधलं काहीच येत नव्हतं. अ‍ॅस्टरिस्क लिहिणाऱ्या मार्क स्पेन्सरची गोष्टही अशीच : 1999 मध्ये त्याला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज हवं होतं, विकतचं परवडेना, म्हणून त्यानं ते स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

ऑफिसातला जुना डेस्कटॉप घेतला, 4 जीबी रॅमचा. त्यावर डेबियन 12 हे लिनक्स आणि फ्रीपीबीएक्स 17, म्हणजे अ‍ॅस्टरिस्क ब्राउझरमधून चालवायची सोय. मशीन माडीवर ठेवलं. 2019 चा पूर पाहिलेल्या सांगलीत असलं काही तळमजल्यावर कोण ठेवतं? जुने फोन फेकले नाहीत, गेटवे, म्हणजे साधे फोन आणि लाइनी कॉम्प्युटरला जोडणारा डबा, लावून तेच वापरले. दोन लँडलाइनही गेटवेवरच घेतल्या. सगळा खर्च कोटेशनच्या तिसऱ्या हिश्शात बसला. माझे रविवार त्यात धरलेले नाहीत.

पहिल्या महिन्यानं घाम फोडला. गिऱ्हाईकानं फोन ठेवला तरी लाइन सुटायची नाही. दुपारपर्यंत दोन्ही लाइनी अडकलेल्या आणि बाहेर लोक एंगेज टोन ऐकत बसलेले. चार दिवस मी केबली तपासत होते. शेवटी सापडलं ते असं, की गेटवेच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका होता. समोरच्यानं फोन ठेवल्यावर जो एंगेज टोन येतो, तो ओळखून गेटवे लाइन सोडतो. आपल्याकडचा टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणार, पाऊण सेकंद थांबणार. अमेरिकेतला 480 आणि 620 हर्ट्झ मिळून, अर्धा-अर्धा सेकंद. आमचा गेटवे बिचारा अमेरिकेच्या टोनची वाट बघत बसलेला. देश भारत केला, प्रश्न मिटला.

दुसरी चूक निव्वळ माझी. गोडाऊन जोडायच्या घाईत राउटरवर 5060 पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडायची वाट, उघडं टाकलं. संध्याकाळी लॉग बघितला तर परदेशी आयपींवरून एक्स्टेंशन 100, 101, 102 असे क्रमानं पासवर्ड चाचपणं चाललेलं. आणि आमच्या एका फोनचा पासवर्ड होता 1234! ट्रंकवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनींवर, आयएसडी बंद होतं म्हणून वाचलो. नाहीतर आमच्या लाइनीवरून भलत्यानंच फोन केले असते आणि आम्ही कुठल्यातरी बेटावरच्या नंबरांचं बिल भरत बसलो असतो. त्याच रात्री पोर्ट बंद केलं, पासवर्ड लांबलचक केले, चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारं फेल टू बॅन लावलं आणि गोडाऊन वायरगार्डमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेनं, जोडलं. त्यानं आणखी एक दुखणं गेलं : मिरजेचा आवाज इकडं यायचा, आमचा तिकडं पोचायचा नाही.

आता फायद्याचं. प्रत्येक कॉलची नोंद डेटाबेसमध्ये पडते आणि तो डेटाबेस माझाच. एकदा सहज मिस्ड कॉल तासावार लावून बघितले, तर निम्म्याहून जास्त दीड ते अडीचमधले. म्हणजे आम्ही सगळे एकदम डबे उघडतो तेव्हाचे. काउंटरवरच्या अण्णांना ते पटेना. "त्या वेळेला कोण फोन करतंय?" मी यादीच काढून दाखवली. आता दोन पाळ्यांत जेवतो. रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, त्यामुळं जुनी हार्डडिस्क पुरून उरते. "मी दीडचा इम्पेलर सांगितला होता, तुम्ही दोनचा पाठवला" हे भांडण आता ऐकून मिटतं. चूक बहुतेक आमचीच निघते, हा भाग वेगळा.

"विक्रीसाठी एक दाबा" हा मेन्यू मात्र मी हौसेनं केला आणि आठवड्यात काढून टाकला. विहिरीवर मोटर बंद पडलेला माणूस एक-दोन दाबायच्या मनःस्थितीत नसतो. आता फोन सरळ वाजतो, वीस सेकंदांत कुणी उचलला नाही तर अण्णांच्या मोबाइलवर जातो. त्यांना ते आवडलेलं नाही.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. दिवाळीत मी गावाला गेले आणि मागं यूपीएसची बॅटरी मेली. मशीन चालू करण्यापलीकडं कुणाला काही येईना, मी फोनवरून सांगत बसले. परत आल्यावर शंभरपानी वहीत सगळं लिहून काढलं आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर टाकायला लागले. हाताशी असं कुणी नसेल तर अ‍ॅस्टरिस्क बसवून देणाऱ्याला पैसे द्या. फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

जुना डबा अजून भिंतीवरच आहे. भंगारवाला तीनशे म्हणतोय, अण्णा पाचशेच्या खाली यायला तयार नाहीत.