हेल्थ इन्शुरन्स टेलिकॉलरचा जॉब, घरून काम... पैसे भरायच्या आधी हे वाचा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ इकडच्या जॉब ग्रुपवर ती ऍड परत फिरायला लागलीय, हेल्थ इन्शुरन्स टेलिकॉलर पाहिजेत, फ्रेशर चालतील, घरून काम, १८ हजार फिक्स वर इन्सेंटिव्ह. मी ह्यांच्याकडे काम केलंय म्हणून लिहितेय.

इंटरव्ह्यू फोनवरच उरकला. मग एचआर मॅडम म्हणाल्या आयआरडीएचं, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन्स काढावं लागतं, साडेतीन हजार भर, पहिल्या पगारात परत मिळतील. पैसे कुठे तर एका माणसाच्या पर्सनल यूपीआयवर. परीक्षाबिरीक्षा काही नाही, थेट पीडीएफ सर्टिफिकेट आलं. खरं म्हणजे साध्या पीओएसपीला (सोप्या, ठरावीक पॉलिसी विकणारा एजंट) पण १५ तासांचं ट्रेनिंग आणि मग परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट मिळतच नाही.

काम म्हणजे एक्सेलमधले मुंबई-ठाण्याचे नंबर फिरवायचे, सिम आपलं, रिचार्ज आपला, आणि पावसात लाईट गेली की नेटवर्क पण जातं तर तो दिवस हाफ डे धरायचे. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं की बीपी-शुगर विचारायचं नाही, कोणी स्वतःहून सांगितलं तरी फॉर्मवर 'नो' टाकायचं आणि पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर आहे म्हणून सांगायचं. अहो आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि आजार लपवला तर क्लेमच्या वेळी तो म्हातारा माणूस हॉस्पिटलच्या काउंटरवर अडकणार! हे टीम लीडरला बोलले तर म्हणतो, "क्लेम काय तुझ्या दारात येणार आहे गो?"

खरी गोम पुढे आहे. लिस्ट संपली की म्हणतात आता ओळखीच्यांना लाव, तुमचे चाकरमानी असतीलच की मुंबईला. प्रत्येक नव्या मुलीमागे त्यांना दहा-वीस विश्वासाची घरं फुकट मिळतात, माझ्या मते त्यांचा धंदाच हा आहे. डोंबिवलीच्या मामाला प्रीमियमची लिंक गेली ती त्याच पर्सनल यूपीआयची, मी त्याला थांबवलं आणि इन्शुरन्स कंपनीच्या वेबसाईटवरच्या नंबरला फोन केला तर असा प्रपोजल नंबरच त्यांच्याकडे नाही.

पगार मागितला तर टार्गेट झालं नाही म्हणे. काम सोडते म्हटल्यावर व्हॉट्सअपवर वकिलाची नोटीस, बॉण्ड तोडला, २५ हजार भरा, नाहीतर 'रत्नागिरी हायकोर्ट'मध्ये केस. रत्नागिरीत हायकोर्ट कधी झालं बाबा, आपल्या जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं ते पण २०२५ ला कोल्हापुरात. मी एक रुपया दिला नाही, परत कोणाचा फोन नाही.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. कोणाला खरी पॉलिसी पण खोटं सांगून गळ्यात मारली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला.

आणि सर्टिफिकेट मिळालेल्यांनी जरा आपापसात नंबर जुळवून बघा, माझ्या आणि देवरुखच्या मैत्रिणीच्या सर्टिफिकेटवर एकच नंबर आहे.