लॉनमधलं साचलेलं पाणी: भोकं पाडावीत की चर खणावा?

निर्णयाआधी 30 सें.मी. खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. तासाला 2.5 सें.मी.पेक्षा कमी पाणी उतरलं तर निचरा कमजोर आहे. मग कुदळ खुपसून बघा. वरचे 8-10 सें.मी.च घट्ट आणि खाली माती मोकळी असेल, तर भोकं पाडणं पुरेसं.

त्यासाठी पोकळ दात्यांचं अवजारच घ्या, कारण ते मातीचा लांबट गोल तुकडा बाहेर काढतं. नुसते खिळे ठोकले की भोकाच्या भिंती उलट दाबल्या जातात. माती ओलसर असताना, चिखल नसताना, 7-8 सें.मी. अंतराने भोकं पाडून त्यात चाळलेलं कंपोस्ट झाडूने लोटा. चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळू नका, माती आणखी कडक होते. एका दिवसाचं, स्वस्त काम. पण दरवर्षी करावं लागतं.

चर महाग आणि कष्टाचा, पण नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. 30 सें.मी. रुंद, 45-60 सें.मी. खोल, दर मीटरला किमान 1 सें.मी. उतार. आत जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड), धुतलेली खडी, 100 मि.मी. व्यासाचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली. कापड वगळलं की गाळ खडीत शिरतो आणि चर बुजतो. पाणी सोडायला पाइपाच्या तोंडाशी सखल जागा नसेल तर सगळी मेहनत वाया.

वर्दळीने दबलेल्या लॉनला भोकं. खोलवर चिकणमाती असेल किंवा उतारावरून पाणी येत असेल तर चरच.