वॅगनआरचे पुढचे शॉकअप घरीच बदलले: गॅब्रिएलची जोडी आणि वागळे इस्टेटचं दुकान

आमची वॅगनआर २००९ ची, ९६ हजार किलोमीटर झालेली. ठाण्याच्या घोडबंदर रोडचे खड्डे खाऊन खाऊन पुढून खडखड सुरू झाली होती. कासारवडवलीच्या सिग्नलला उभ्या गाडीत स्टीअरिंग वळवलं की बॉनेटखालून ‘टक्क’ असा आवाज यायचा. एका गॅरेजवाल्याने स्टीअरिंगचा रॅक, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, शॉकअप असा सगळाच हिशेब हातात दिला. मी टूलरूममध्ये जन्मभर फिटर होतो. चाक काढून बघितल्याशिवाय पैसे द्यायला मन धजेना. बघितलं तर डाव्या शॉकअपवर तेल उतरून धुळीचा जाड थर बसलेला. लोअर आर्मचे बुश पहार लावून हलवले, घट्ट. रॅकलाही खेळ नव्हता.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने आधी आरसी मागितली, चासी नंबर बघितला, मग माल काढला. म्हणाला, “काका, नुसते शॉकअप नेऊ नका. टॉप माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर पण घ्या. स्टीअरिंग वळवताना शॉकअप ज्यावर फिरतो, त्या बेअरिंगचाच तो टक्क आवाज असणार.” पोराचं बोलणं खरं ठरलं. गॅब्रिएल कंपनीचे डावा-उजवा दोन्ही शॉकअप आणि हे सामान, सगळं मिळून ५,४०० रुपये, पक्कं बिल. घरी येऊन बेअरिंग बोटाने फिरवून बघितली, तर एक अडकत होती. दुसऱ्या दिवशी नेली, त्याने एका शब्दाने न विचारता बदलून दिली. मला दुकान आवडलं ते यासाठी.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी खोलली. मुलगी मदतीला. जॅकवर गाडी उभी ठेवून खाली हात घालायचा नाही, दोन्ही बाजूंना घोडी (लोखंडी स्टँड) लावली. ब्रेकचा पाइप शॉकअपवरून सोडवला. नकल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग; त्याचे शॉकअपला जोडणारे बोल्ट काढल्यावर तो बाहेर कलंडतो आणि अ‍ॅक्सल आतून निसटू शकतो, म्हणून नकल आधीच तारेने बांधून ठेवला.

आता शॉकअपभोवतीची स्प्रिंग. ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर ओळखीच्या मेकॅनिककडून आणला होता. दोन्ही हूक अगदी समोरासमोर, आणि दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे असं आळीपाळीने आवळायचं. स्प्रिंग सीटवर हाताने फिरेल इतकी सैल झाल्याशिवाय मधल्या नटला पाना लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडेल. ज्याच्याकडे चांगला कॉम्प्रेसर नाही, त्याने शॉकअप उतरवून सुटे मेकॅनिककडे न्यावेत, स्प्रिंग तिथेच काढून नव्या शॉकअपवर चढवून घ्यावी. हे मी मनापासून सांगतोय.

जुना शॉकअप मुलीच्या हातात दिला. तिने रॉड दाबला, तो सरळ खाली गेला आणि खालीच राहिला. नव्याचा रॉड दाबायला तिला दोन्ही हातांचं वजन टाकावं लागलं, आणि सोडल्यावर तो सावकाश, एका चालीने वर आला. रॉडवर ओरखडा नाही, ब्रॅकेटचं वेल्डिंग एकसारखं, बोल्टची भोकं पहिल्याच फटक्यात जुळली. फिटरला याहून जास्त काय हवं! बसवण्याआधी शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली केला, आणि स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या खाचेत टेकलंय ना ते बघूनच नट आवळला.

डाव्या बाजूला तीन तास गेले, उजव्या बाजूला सव्वा. सोमवारी माजिवड्याला चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. ते टाळू नका, टायर एका बाजूने खातील.

आता महिना झाला. टक्क आवाज गेला. स्पीडब्रेकरवर गाडी एकदाच खाली बसते आणि थांबते, पूर्वी तीन वेळा डुलायची. पहिले काही दिवस जरा कडक वाटली. परवा गायमुखपर्यंत गेलो, तर हिने मांडीवरचा आमटीचा डबा एका हाताने धरला होता. मागचे शॉकअप दिवाळीआधी बदलेन, त्याच दुकानातून.