बोटाला लावायचा ऑक्सिमीटर : देवगडच्या एका वाडीतील वापराचा अनुभव

बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर मी ऑगस्ट २०२० मध्ये घेतला. चतुर्थी तोंडावर आली होती, मुंबईहून चाकरमानी गावी उतरत होते, आणि देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत घरोघर फिरून ताप व ऑक्सिजन तपासण्याचे काम निवृत्त शिक्षक म्हणून माझ्याकडे आले होते. तेव्हापासून हे यंत्र माझ्याकडे आहे आणि वाडीतील बहुतेक प्रत्येक घरातील कोणाच्या ना कोणाच्या बोटाला ते लागलेले आहे. अलीकडे एका जाणत्या गृहस्थांनी मला ठामपणे सांगितले की कोरोना हा साधा सर्दी-तापच होता आणि ही यंत्रे लोकांना घाबरवून विकली गेली. त्यांच्यासारखे मानणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढील मजकूर या जातीच्या कोणत्याही चांगल्या यंत्राला लागू पडतो.

यंत्राचे काम समजण्यास सोपे आहे. त्याच्या एका जबड्यातून लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) असे दोन प्रकारचे किरण बोटातून जातात व दुसऱ्या जबड्यातील संवेदक ते टिपतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणारा घटक. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त किरण अधिक शोषते, तर ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन लाल किरण अधिक शोषते. प्रत्येक ठोक्यासरशी बोटात येणाऱ्या रक्तामुळे हे शोषण जसे बदलते, त्यावरून किती हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घेतलेला आहे याची टक्केवारी यंत्र काढते. रक्त न काढता ती मोजण्याची ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे जगभर या यंत्राची गरज सर्वाधिक भासू लागली नेमक्या त्याच महिन्यात, त्यांचे निधन झाले. यंत्रावर दोन आकडे दिसतात : एक ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीचा. आमच्याकडे सुरुवातीला कित्येक जण नाडीचा ७८ पाहून ऑक्सिजन उतरला म्हणून हवालदिल होत, त्यामुळे मी ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी लाल रंगाची चिकटपट्टी लावून ठेवली.

या यंत्राची खरी किंमत मला एप्रिल २०२१ मध्ये कळली. आंब्याचा हंगाम भरात होता. खालच्या वाडीतील साठी ओलांडलेले एक बागायतदार चार दिवसांच्या तापानंतर अंगणात पेट्या भरत बसले होते. मी बोट मागितले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, माका काय झाला नाय. ताप इलो तसो गेलो. धाप नाय, काय नाय." त्यांचे बोलणे सलग होते, चेहरा नेहमीसारखा होता. यंत्राने ८६ दाखवले. मी बोट बदलले, हात चोळून गरम करायला सांगितले, माझ्या स्वतःच्या बोटाला लावून ९८ येत असल्याची खात्री केली आणि पुन्हा त्यांना लावले. आकडा ८७ च्या वर गेला नाही. घरच्यांची समजूत काढण्यात अर्धा तास गेला, कारण हिंडत्या-फिरत्या माणसाला रुग्णालयात न्यायचे हे त्यांना पटतच नव्हते. ओरोसचे जिल्हा रुग्णालय आमच्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. त्यांना ऑक्सिजन लागला आणि अकरा दिवसांनी ते घरी आले.

त्यांना धाप का लागली नाही, हे समजून घेतले तर "धाप लागेल तेव्हा बघू" हा समज किती घातक होता ते ध्यानात येते. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. या आजारात सुरुवातीला फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकतात, पण ऑक्सिजन पुरेसा आत घेऊ शकत नाहीत, म्हणून कित्येक रोग्यांना काहीच जाणवत नाही. शिवाय आकडा ९० च्या खाली गेल्यानंतरची उतरण घाटातल्या उतारासारखी तीव्र असते आणि त्यानंतर हाताशी वेळ थोडा उरतो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये ९० ते ९३ हा मध्यम आणि ९० पेक्षा कमी हा गंभीर आजार ठरवला होता. दिसायला ठणठणीत असलेला माणूस धोक्याबाहेर असतोच असे नाही, ही गोष्ट शब्दांनी पटवताना मी थकून जात असे. आकडा दाखवला की पटत असे.

आता "शंभरातले नव्याण्णव बरे होतात" या युक्तिवादाविषयी. सगळ्या देशाची सरासरी म्हणून तो फारसा चुकीचा नाही, पण आमच्या गावाला तो लागू करणे चूक आहे. कोकणातील तरुण मुंबईत असतात आणि गावात म्हातारी माणसे घर राखतात. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, त्यामागेही हेच स्थलांतर आहे. लस येण्यापूर्वीच्या काळातील अनेक देशांच्या माहितीवरून जो अंदाज निघाला त्यात संसर्ग झालेल्या दर हजार माणसांमागे मृत्यू ५५ व्या वर्षी सुमारे ४, ६५ व्या वर्षी सुमारे १४ आणि ७५ व्या वर्षी सुमारे ४६ होते. आमच्या वाडीत साठीपुढची सव्वाशेच्या आसपास माणसे आहेत. त्या सर्वांना त्या काळात संसर्ग झाला असता, तर याच हिशेबाने त्यांतली तीन-चार माणसे गेली असती, आणि तीही ऑक्सिजनची खाट वेळेवर मिळाली असे धरून. मी ज्यांना रोज ओट्यावर बसलेले पाहतो त्यांच्यापैकी तीन-चार जणांविषयी आपण बोलत आहोत, हे टक्केवारी सांगताना विसरले जाते.

मृत्यूंचे आकडे फुगवले होते असेही ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये नेहमीच्या वर्षांपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगभर सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. नोंदलेले कोरोना मृत्यू त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. भारताविषयीचा त्यांचा ४७ लाखांचा अंदाज आपल्या सरकारने नाकारला, हेही सांगितले पाहिजे. पण नोंदी वाढवून लिहिल्याचा आरोप या हिशेबात कोठेही टिकत नाही. आज ताप येऊन तीन दिवसांत जातो म्हणून तेव्हाही तसेच होते, हा तर्कही तपासून घ्यावा. आज आपल्या शरीरात लशीची आणि आधीच्या संसर्गाची ओळख आहे. २०२० मध्ये या विषाणूला आमच्या वाडीतील एकही शरीर ओळखत नव्हते.

यंत्राच्या निमित्ताने ज्या गैरसमजाशी माझा सर्वांत जास्त झगडा झाला, तो कापूर, ओवा आणि लवंगेच्या पुरचुंडीचा. दुसऱ्या लाटेत ती हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असा निरोप मोबाइलवर सर्वत्र फिरला आणि लोक मला पुरावाही दाखवत : हुंगण्यापूर्वी ९४, हुंगल्यावर ९६. आकडा खरा होता, कारण चुकीचे होते. असा पुरावा दाखवणाऱ्या एका काकींना मी पुरचुंडी बाजूला ठेवून तसेच दहा खोल श्वास घ्यायला लावले आणि आकडा पुन्हा ९६ झाला. खोल श्वासाने तो थोडा वेळ वर जातो आणि सोडून दिले की उतरतो. कापराचा त्यात काही वाटा नाही. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून पाळण्याला बांधलेल्या दोन पुरचुंड्या मी सोडायला लावल्या. त्यातला मोठा धोका मात्र निराळा होता : वाढलेला आकडा पाहून माणूस घरी थांबत असे आणि मौल्यवान दिवस निघून जात.

उलट दिशेची भीतीही मी पाहिली आहे आणि तिनेही माणसे दुखावली. चाकरमान्यांना शाळेत वेगळे ठेवले तेव्हा त्यांचे ताट उचलायलाही कोणी धजत नव्हते, मासळीतून रोग येतो म्हणून काही दिवस सुरमई-बांगड्याकडे पाठ फिरवली गेली, आणि ९५ आकडा दिसला की "आता संपले" असे समजून रडणारी एक सुशिक्षित बाईही मला भेटली. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० च्या दरम्यान असतो आणि तो दिवसभरात एक-दोनने हलतोच. दर दहा मिनिटांनी बोट घालून बसणाऱ्यांना मी सकाळ-संध्याकाळ दोनदाच मोजायला सांगत असे. त्याचबरोबर ९८ दिसला म्हणजे कोरोना नाही असे समजून लग्नाला जाणाऱ्यांनाही अडवावे लागले, कारण हे यंत्र संसर्ग ओळखत नाही. फुफ्फुसे किती ऑक्सिजन रक्तात पोहोचवत आहेत एवढेच ते सांगते.

बसून घेतलेल्या आकड्यापेक्षा चालून घेतलेला आकडा जास्त बोलका असतो. राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचवली होती : आधी मोजायचे, घरातल्या घरात सपाट जागेवर सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा चालताना दम लागला, तर रुग्णालय गाठायचे. साठीपुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालते. बसल्या जागीच धाप असलेल्याने किंवा दमेकऱ्याने ही चाचणी करू नये. यंत्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही, आणि खोक्यातल्या इंग्रजी माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

उणिवा स्पष्टपणे सांगतो. मेंदी, नखांचा रंग, थंड बोटे, थरथरणारा हात आणि थेट ऊन यांनी आकडा बिघडतो. आमच्याकडे त्यात आंब्याच्या चिकाने काळवंडलेल्या आणि कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटांची भर पडते. पहाटे होडीवरून आलेल्यांची ओली बोटे तर गरम होईपर्यंत आकडाच दाखवत नसत. हात पुसून, चोळून, पाच मिनिटे शांत बसवून मधल्या बोटाला यंत्र लावावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. त्याहून गंभीर उणीव कातडीच्या रंगाची आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये रक्तातील घसरण या यंत्राच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा सुटली. तेथील औषध प्रशासनाने पुढे सांगितले की यंत्रावरचा ९० हा प्रत्यक्षात ८६ ते ९४ यांमधील काहीही असू शकतो. उन्हात रापलेल्या आमच्या माणसांसाठी ही बाब किरकोळ नाही. म्हणून मी ९४ ला ९४ न समजता इशारा समजतो, आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांची उतरण वहीत लिहून पाहतो.

आणखी एक गोष्ट कोकणासाठी खास. पावसाळ्यातला प्रत्येक ताप या यंत्राने जोखू नये. शेतातल्या पाण्यातून होणारा लेप्टो, डेंग्यू किंवा दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप यांत आकडा ९८ असतानाही रोगी धोक्यात असू शकतो, त्यामुळे तेथे रक्ताची तपासणीच हवी.

विकत घेताना काळजी घ्यावी. माझे पहिले यंत्र मी घरबसल्या मागवले होते आणि त्याने बोटाऐवजी ठेवलेल्या पेन्सिलीलाही ९७ दाखवला. विक्रेत्याने ते परत घेतले नाही. दुसरे, म्हणजे आज माझ्याकडे आहे ते, मात्र मी औषधांच्या दुकानात उभे राहून, दुकानदाराच्या व माझ्या बोटाला लावून पाहून, पावती घेऊन १,८०० रुपयांना घेतले. आता किमती बऱ्याच उतरल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरसह पाच वैद्यकीय उपकरणांवरील नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, त्याचाही त्यात भाग आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजून देतो म्हणणाऱ्या ॲपवर विसंबू नये, कारण साध्या कॅमेऱ्याजवळ हे दोन किरण नसतात.

यंत्राला दोन बारीक पेन्सिल सेल लागतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते आणि घरी उपचार घेणारे सहा रुग्ण वाडीत होते. त्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात हाच आकडा पाहून कोणाला हलवायचे ते ठरवता आले. खाऱ्या दमट हवेने सेलच्या पट्ट्यांना गंज चढतो, म्हणून मी वापर नसताना सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुडीसह ठेवतो आणि दर महिन्याला एकदा स्वतःच्या बोटाला लावून पाहतो. काल ९७ दाखवला.