टंच बरोबर, नाणं खोटं

रोमन सम्राट ऑगस्टसचं डिनेरियस नावाचं एक चांदीचं नाणं आहे: पुढे त्याचा चेहरा, मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले त्याचे दत्तकपुत्र गायस आणि लुसियस. लुग्दुनम, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँच्या टांकसाळीतलं हे नाणं दक्षिण भारतातल्या ठेव्यांत खरोखरच भरपूर निघालंय. म्हणूनच त्याची खोटी नक्कल विकणाऱ्याची ‘कोइंबतूरकडे शेतात हंडा सापडला’ ही थाप सहज गळी उतरते. थाप खरी मानली तरी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. त्याचा कागद मागा. विक्रेता लगेच विषय बदलेल.

गिऱ्हाईक जरा शहाणं असेल तर सराफाकडून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून आणतं. मशीन चांदी दाखवतं, वजन खऱ्या नाण्याइतकं, ३.८ ग्रॅम भरतं, आणि तिथेच घात होतो. चांगले नकलाकार चांदीच वापरतात. नाण्याच्या भावापुढे तिची किंमत किरकोळ. उलट ९९.९ टंच आला तर सावध व्हा, कारण प्राचीन चांदीत थोडं सोनं आणि शिसं उरतंच.

अशी दोन नाणी शेजारी ठेवली की बिंग फुटतं. ऑगस्टसच्या गालावरून कानाकडे गेलेला ओरखडा दोन्हींवर, त्याच जागी, तेवढाच. एकाच ठशाची खरी नाणी असतात, पण ती हातोड्याने ठोकलेली: छाप सरकतो, कड वेगळीकडे फाटते. ओरखडे आणि झीज तर नंतरच्या वापराची. तीच जुळली, म्हणजे एका अस्सल नाण्यावरून ठसा उठवून बाकीची पाडलीत. त्यामुळे पैसे देण्याआधी जुन्या लिलावांचे आणि उघड झालेल्या खोट्या नाण्यांचे फोटो शोधून एकेक ओरखडा ताडून बघा.

ओतीव नक्कल दहापट भिंगाखाली सापडते. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या, मोकळ्या जागेत बारीक गोल खड्डे, कडेला सांध्याची रेघ किंवा ती घालवण्यासाठी फिरवलेल्या कानशीचे वळ. घासलेली कड दिसली की पुढे बघूच नये.

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी रोमन काळातलीच असतात, त्यांना संग्रहात जागा आहे. पण फाटलेल्या पत्र्याखालचा हिरवा डाग लाखेने झाकून पूर्ण भाव लावतात. वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरलं तर शंका घ्या.

बिलावर वजन आणि ‘खोटं निघाल्यास पूर्ण पैसे परत’ हे लिहून घ्या. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो जोडून त्यावर विक्रेत्याची सही घ्या. नाहीतर परत करायला गेल्यावर ‘हे मी दिलेलं नाणंच नाही’ असं उत्तर मिळतं.