टॉर्क पाना आणि मियाटाचे १६ नट: दीड वर्षाच्या वापरानंतर

साताऱ्याला आमच्या घरी जीप होती. स्टेपनी बदलली की बाबा पान्यावर पाय देऊन उभे राहायचे, एक हिसका द्यायचे आणि म्हणायचे, "आता हलत नाही." नट आवळायची माझी समज तेवढीच. तीच घेऊन मी न्यू जर्सीत आलो.

इथं माझ्याकडे माझदाची एमएक्स-५ मियाटा आहे, चौथ्या पिढीची. जेमतेम टनभर वजनाची, दोन सीटची गाडी. उन्हाळी टायर ७ अंशांखाली कडक पडतात, त्यामुळे नोव्हेंबरात हिवाळी चाकं चढवायची आणि एप्रिलमध्ये उतरवायची, हा दरवर्षीचा नेम. आधी हे काम एका दुकानात करून घ्यायचो. तिथं हवेच्या गनने दोन सेकंदांत एक नट, असा कारभार. एका हिवाळ्यात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. घरी चाक उतरवायला बसलो तर एक नट सुटेना. पान्याला लांब पाइप लावून जोर दिला, तेव्हा नट आला खरा, पण स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे, आटे सोबत घेऊन. नट असे कमीजास्त आवळले गेले की ब्रेकची डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, किंचित तिरकी बसते, फिरताना ब्रेक पॅडला ठरावीक जागीच घासते, तिथली जाडी उतरते आणि मग ती थरथर सुरू होते. दोन डिस्क आणि एक स्टड बदलल्यावर मी अर्धा इंची चौकोनी टोकाचा टॉर्क पाना घेतला; आपण लावलेला टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, आला की तो क्लिक होतो. पट्टी ३० ते २०० न्यूटन-मीटर, किंमत मधली.

दीड वर्षात चार वेळा चाकं बदलली. पाना चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण खरं सांगायचं तर निम्मं काम पाना हातात घेण्याआधीच होतं.

माझदाने या गाडीच्या चाकांच्या नटांना १०८ ते १४७ न्यूटन-मीटर सांगितलेत. मी १२० वर लावतो. पान्यावर दोन पट्ट्या आहेत आणि अमेरिकेत फूट-पाउंडाची पट्टी आधी डोळ्यांसमोर येते. पहिल्या दिवशी मी त्याच पट्टीवर १२० लावून मोकळा झालो होतो. म्हणजे जवळजवळ १६३ न्यूटन-मीटर! पहिल्या नटाला क्लिक यायला फार वेळ लागतोय म्हणून थांबलो आणि पुन्हा पट्टी बघितली. घेतल्या घेतल्या आपण वापरणार त्या पट्टीशेजारी रंगाची खूण करून ठेवा.

आता माझी पद्धत. चाक उतरलं की ते जिथं टेकतं तो हबचा भाग तारेच्या ब्रशने घासतो. इथं बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे एका हिवाळ्यातच गंजाची खपली धरते. आटे कोरडे पुसतो, तेल लावत नाही. आपण लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, जेमतेम १० टक्के स्टड ताणायला उरतो आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच क्लिकला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. मग चाक हवेत असतानाच चारही नट बोटांनी फिरवायचे. नटाचा निमुळता भाग रिमच्या खोबणीत आपोआप मधोमध बसतो, ते बोटांना कळतं. साध्या पान्याने समोरासमोरच्या जोड्यांनी हलके आवळायचे, टायर जमिनीला टेकेपर्यंत जॅक खाली घ्यायचा आणि मगच टॉर्क पाना, तोही समोरासमोर. मूठ दांड्याच्या मधल्या रेषेवर, ओढ संथ. क्लिकचा हलका ठोका तळहाताला लागला की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा क्लिक करायचा मोह होतो, पण त्यात नट दरवेळी थोडा पुढे सरकू शकतो.

पाना खरं बोलतो का, तेही पाहिलं. असे पाने १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यावेत असं मानक आहे. माझे क्लिक अजून ३००ही झाले नसतील, पण वर्ष उलटलं होतं. चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरलं, पाना आडवा ठेवला, ९० वर लावला आणि टोकापासून ४५ सेंटिमीटरवर वजनं टांगत गेलो. १९ किलोला गप्प, २० किलोला क्लिक. पान्याचं स्वतःचं वजन धरून हिशेब बरोबर जुळतो. घरगुती तपासणीला एवढं पुष्कळ झालं.

तक्रारीही आहेत. आकडे नुसते कोरलेत, त्यांत रंग नाही; गॅरेजच्या पिवळ्या दिव्यात टॉर्च लावूनच वाचावे लागतात. ४०च्या खाली क्लिक इतका मऊ येतो की हातमोज्यात कळतच नाही. त्यामुळे लहान बोल्टांना मी तो लावत नाही, त्यासाठी छोटा पाना वेगळा हवा. नट सोडवायलाही तो वापरू नका, त्याला साधा लांब पाना आहे. आणि काम झालं की पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते.

चाकं बदलल्यावर ८० किलोमीटर चालवून मी पुन्हा सगळे नट तपासतो. या एप्रिलमध्ये १५ नट जागेवरच क्लिक झाले. मागच्या डाव्या चाकाचा एक मात्र क्लिक व्हायच्या आधी बोटभर फिरला. चाक उतरवलं तर हबच्या कडेला नखाएवढी गंजाची खपली, माझ्याच ब्रशातून सुटलेली. ती घासून काढली, चाक पुन्हा बसवलं. आणखी ८० किलोमीटरनंतर तोही जागेवरच क्लिक झाला.