फॅटी लिव्हर: एलएफटी, फिब-४ की ईएलएफ, पैसे कशावर घालायचे?

सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलं की घरात आधी एलएफटी म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला एसजीपीटी बघतात आणि तो नॉर्मल असला की विषय बंद. घोळ इथेच होतो. एसजीपीटीवरून लिव्हरच्या पेशींना सध्या मार बसतोय का एवढंच कळतं, आत किती फायब्रोसिस (व्रण पडून येणारा कडकपणा) झालंय ते नाही, आणि सिरॉसिसच्या (फायब्रोसिसची शेवटची पायरी) पेशंटचाही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतो.

फिब-४ हा फायब्रोसिसच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही, एलएफटी आणि सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट घ्या आणि मोबाइलवर गणित करा. वरती वय गुणिले एसजीओटी (एलएफटीमधलंच दुसरं एन्झाइम), खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६० हजार (गणितात १६० धरायचे), तर उत्तर २.६. म्हणजे रिपोर्टमध्ये फक्त एसजीओटी जरासा वर आणि तरी आकडा २.६७ च्या अगदी तोंडाशी! त्याच्या वर गेलं तर थेट हेपॅटोलॉजिस्ट (लिव्हरचे तज्ज्ञ), १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, डायबिटीस असेल तर तरीही एक-दोन वर्षांनी परत बघायचं. पासष्टी ओलांडली की १.३ ऐवजी २ धरतात, पस्तिशीच्या आत याच्यावर फार विसंबू नका. आणि नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट खाली, एसजीओटी वर, त्यामुळे फिब-४ उगाच फुगतो, थोडं थांबून करा.

ईएलएफ ही फायब्रोसिससाठीची वेगळी रक्ततपासणी, ती रक्तातल्या तीन गोष्टी मोजते: हायलुरोनिक ॲसिड, पीथ्रीएनपी आणि टिंप-१. यांचा फायब्रोसिसशी थेट संबंध आहे, म्हणून फिब-४ च्या मधल्या पट्ट्यात (१.३ ते २.६७) अडकलेल्यांना ती खरी कामाची. ब्रिटनमध्ये नाइस या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने फॅटी लिव्हरसाठी १०.५१ ही रेघ दिलीय (तेवढा किंवा जास्त आकडा म्हणजे फायब्रोसिस बरंच पुढे गेलेलं), अमेरिकेत एफडीए या औषध-तपासण्यांच्या नियामक संस्थेने २०२१ मध्ये मंजुरी दिली ती आजार पुढे किती वाढेल याचा अंदाज घ्यायला. पण आपल्याकडे सगळ्या लॅबमध्ये ती होत नाही, त्यामुळे मी तरी आधी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा स्कॅन) करेन, वजन खूप असल्यामुळे स्कॅन नीट होत नसेल तर मग ईएलएफ.

सिरॉसिसचं निदान झालंच असेल तर मात्र फिब-४ बघत बसू नका, तिथे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि सोडियमवर लक्ष ठेवायचं. शिवाय दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), दोन्ही, कारण लिव्हर कॅन्सर असूनही एएफपी नॉर्मल असू शकतो.